चावडीच्या किल्ल्या कोणाकडे? वर्धा, विकिपीडिया आणि एक जुना प्रश्न

१/२८
#थ्रेड #इतिहास
ऑनलाइन समुदायासाठी वेब डेव्हलपर आणि प्रचालक निवडायचे असतात, तेव्हा मुलाखतीत नेमके काय विचारावे? प्रश्न अगदी आजचा वाटतो. त्याच्या उत्तराचे धागे मात्र वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात तीन ठिकाणी सापडतात: मालगुजारीच्या काळातील गावगाड्यात, १९४० मधील एका निवडीत आणि २०१० मधील एका परिषदेत. हा थ्रेड त्या धाग्यांचा.

२/२८
आरंभ शेवटच्या धाग्यापासून. ऑक्टोबर २०१०, वर्धा. संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात दोन दिवसांची परिषद भरली. देशभरातून इंटरनेटवर हिंदी लिहिणारी मंडळी जमली. विषय होता: हिंदी ब्लॉगलेखनाची आचारसंहिता. पहिला हिंदी ब्लॉग एप्रिल २००३ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे ज्या जगासाठी नियम करायचे, ते जग अवघ्या साडेसात वर्षांचे होते.

३/२८
या जगाचा कणा लेखक होते, तसाच तो 'संकलक' संकेतस्थळांचाही होता. विखुरलेल्या शेकडो लेखकांचे नवे लेखन एका पानावर आणून दाखवणे हे संकलकाचे काम. नारद, ब्लॉगवाणी, चिट्ठाजगत ही त्यांतली गाजलेली नावे. वाचक सकाळी तेथेच येत, लेखकाला वाचक तेथूनच मिळत. त्या पानावर नाव नसणे म्हणजे बाजाराच्या दिवशी दुकान गल्लीच्या आत असणे.

४/२८
ही स्थळे चालवणारे बहुतेक हौशी तंत्रज्ञ होते. दिवसा नोकरी, रात्री संकलकाची देखभाल. पगार नाही, नेमणूक नाही, मुदत नाही. त्यांची निवड कोणी केली नव्हती, कारण त्यांनी स्वतःच ते घर बांधले होते. पण कोणाला आत घ्यायचे, कोणाला वगळायचे, कोणाचे लेखन वर दिसायचे, हे निर्णय त्यांच्याच हाती होते. २००७ मध्ये नारदावरून एक ब्लॉग काढला गेला, तेव्हा त्यावर मोठे वादंग माजले.

५/२८
२०१० च्या मध्यास ब्लॉगवाणी थांबले. पुढे चिट्ठाजगतही बंद पडले. वर्ध्याची परिषद भरली ती या पडझडीच्या काळात. लेखकांनी कसे लिहावे, अनामिक टीकेला मर्यादा असावी का, कायदा कोठे लागू होतो, हे प्रश्न तेव्हा ऐरणीवर होते. त्यांच्याआड आणखी एक प्रश्न उभा होता: लिहिणाऱ्यांसाठी संहिता करता येईल, पण ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याच्यासाठी कोणती संहिता? आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?

६/२८
मराठीतही चित्र फारसे वेगळे नव्हते. मायबोली १९९६ पासून, मनोगत २००४ पासून, मिसळपाव आणि उपक्रम २००७ पासून, ऐसी अक्षरे २०११ पासून. परदेशात व देशात विखुरलेल्या मराठी माणसांनी या स्थळांवर गप्पा मारल्या, कथा लिहिल्या, पाककृती दिल्या, कडाडून भांडणेही केली. मायबोलीकरांनी स्थळ चालवणाऱ्याला 'वेबमास्तर' म्हटले आणि त्याचे लाडके लघुरूप केले 'वेमा'. या एका शब्दात आदर आहे, सलगी आहे आणि थोडा धाकही आहे.

७/२८
या स्थळांवर तंत्रज्ञच आपोआप कारभारी का झाला, याचे कारण लिपीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती, पण घराघरांतल्या संगणकांवर ती पोचायला पुढे कित्येक वर्षे गेली. तोवर प्रत्येक फाँटची संकेतपद्धती निराळी. एका फाँटमधला 'क' दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच चिन्ह दाखवी. मराठी वाचता-लिहिता येणे हीच जेथे तांत्रिक करामत होती, तेथे ती करून दाखवणाऱ्याच्या हाती समुदायाची सूत्रे जाणे अटळ होते.

८/२८
प्रणालीनेही हीच रचना पक्की केली. मायबोली, मनोगत, मिसळपाव अशी अनेक मराठी स्थळे २००१ मध्ये खुल्या झालेल्या द्रुपल या मुक्त प्रणालीवर उभी राहिली. द्रुपलमध्ये स्थळ उभारताना जे पहिले खाते तयार होते, त्याचा क्रमांक १. या खात्याला परवानग्यांची कोणतीच चौकट लागू पडत नाही. ते सर्व काही करू शकते. समुदाय किती का वाढेना, संपादक मंडळ नेमले जावो अथवा सल्लागार समिती, एक क्रमांकाचे खाते सर्वांच्या वरच राहते.

९/२८
येथे दोन प्रकारच्या किल्ल्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे. पहिली यंत्राची किल्ली: सर्व्हर, विदागार, प्रती जतन करणे, संकेतप्रणाली दुरुस्त करणे. ती वेब डेव्हलपरची. दुसरी सलोख्याची किल्ली: लेखन उडवणे, सदस्यत्व गोठवणे, भांडण मिटवणे, 'डुआयडी' ओळखणे. ती प्रचालकाची. पहिलीला कौशल्य लागते, दुसरीला विवेक लागतो. एका माणसाजवळ दोन्ही असू शकतात. पण एक आहे म्हणून दुसरे असेलच, असे नाही.

१०/२८
वर्धा जिल्ह्याला ही विभागणी अपरिचित नाही. नागपूरपासून वेगळा होऊन १८६२ मध्ये हा जिल्हा झाला, आणि मध्य प्रांताच्या मालगुजारी पद्धतीत गावाचा कारभार तीन हातांत होता. मालगुजार गावाचा मालक. सरकारी सारा भरण्याची जबाबदारी त्याची. पटवारी दप्तर राखी. कोतवाल राखण करी आणि वर्दी देई. जमिनीची नोंद ज्याच्याकडे, त्याच्याकडे मालकी नव्हती. आणि राखण ज्याच्याकडे, त्याच्याकडे नोंद नव्हती.

११/२८
तरीही मालगुजार चांगला निघाला तर गाव सुखी, नाही तर कुळांना वाली नाही, अशीच स्थिती होती. आज सेवाग्राम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेगावचे मालगुजार जमनालाल बजाज होते. गांधी १९३६ मध्ये तेथे राहायला गेले ते त्यांच्याच आधाराने. पण प्रत्येक गावाच्या वाट्याला जमनालाल कसे येणार? १९५१ मध्ये मालगुजारी संपली, त्याचे एक कारण हेच: व्यवस्था एखाद्याच्या भलेपणावर टेकवता येत नाही. मालक भला असावा ही इच्छा झाली, हमी नव्हे.

१२/२८
ऑनलाइन समुदायांच्या पहिल्या पिढीतील स्थळे या अर्थाने मालगुजारीची गावे होती. त्यांतले बरेच मालक उदार होते. त्यांनी पदरचे पैसे घातले, रात्री जागवल्या, शिव्याही खाल्ल्या. त्यांच्यावाचून मराठी आणि हिंदी इंटरनेट उभेच राहिले नसते. हे ऋण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. मालक थकला, आजारी पडला, रुसला वा परागंदा झाला, तर गावाचे काय? निवडीची रीत नसलेल्या समुदायाजवळ वारसाची रीतही नसते.

१३/२८
याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालू होता. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. येथे मालक एकटा नव्हता आणि लेखकही अनेक होते. आरंभी प्रचालकपद मागेल त्याला, विश्वास असेल तर, सहज दिले जाई. ही मोठी गोष्ट मानू नये, असेच संस्थापक जिमी वेल्स यांचे मत होते. पण समुदाय वाढू लागला तशी २००३ मध्येच इंग्रजी आवृत्तीत उमेदवारीची उघड पद्धत आली.

१४/२८
मराठी विकिपीडियाने या यंत्रणेला दिलेली नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चर्चेची जागा: चावडी. मतदान: कौल. सरावाचे पान: धूळपाटी. कारभार पाहणारा: प्रचालक. आणि सांगितलेले काम यंत्रवत करणारी संगणकीय आज्ञावली: सांगकाम्या. परकी यंत्रणा आली, पण ती गावगाड्याच्या आणि शाळेच्या शब्दांत उतरली. 'कौल' या शब्दात तर देवापुढे लावायचा कौलही आहे आणि लोकांनी द्यायचा कौलही.

१५/२८
या कौलात उमेदवाराची 'मुलाखत' कशी होते? समोरासमोर बसून नव्हे. विकिपीडियावर प्रत्येक संपादनाची नोंद कायम राहते: कोणी, केव्हा, काय बदलले. वर्षा-दोन वर्षांत उमेदवाराने केलेले प्रत्येक काम, चर्चापानावर उच्चारलेला प्रत्येक शब्द सर्वांना दिसतो. मुलाखतीत गोड बोलता येते, दप्तरात बोलता येत नाही. येथे पटवाऱ्याचे दप्तरच उमेदवाराची साक्ष देते.

१६/२८
तरीही प्रश्न विचारले जातात. इंग्रजी विकिपीडियावर दीर्घकाळ तीन प्रश्न ठरलेले होते. पहिला: हे अधिकार कशासाठी हवेत, कोणते काम करणार? दुसरा: आजवरचे तुमचे सर्वांत चांगले योगदान कोणते आणि का? तिसरा: आजवर कोणाशी वाद झाला का, त्या वेळी कसे वागलात, पुढे कसे वागाल? यांखेरीज कोणीही सदस्य आपला प्रश्न जोडू शकतो, आणि उत्तरे कायमची नोंदली जातात.

१७/२८
पहिल्या प्रश्नाने हेतू कळतो, दुसऱ्याने पात्रता. माणूस कळतो तो तिसऱ्याने. 'वाद कधी झालाच नाही' हे उत्तर वरवर निर्दोष, पण त्याचा अर्थ बहुधा एवढाच की परीक्षा झालेली नाही. वादात आपली चूक होती, ती अमुक दिवशी कळली, मग लेखन पूर्ववत केले आणि क्षमा मागितली, असे सांगणारा उमेदवार अधिक विश्वासार्ह. ज्याला इतरांचे लेखन उडवण्याचा अधिकार द्यायचा, त्याने स्वतःचे लेखन उडवले गेले तेव्हा काय केले, हेच पाहायचे असते.

१८/२८
तंत्रज्ञाची कसोटी निराळी. मराठी घरांत सांगकाम्या बाळूच्या गोष्टी सांगतात: शब्दशः आज्ञा पाळून तो घोटाळा करून ठेवतो. संगणकीय सांगकाम्या तेच करतो, फक्त मिनिटाला शेकडो पानांवर. म्हणून विकिपीडियाच्या अनेक आवृत्त्यांत सांगकाम्याला आधी मोजक्या पानांवर चालवून दाखवावे लागते. इतर सदस्य ते काम तपासतात आणि मगच मुभा मिळते. तंत्रज्ञाला विचारायचा प्रश्न 'काय काय येते?' एवढाच नाही. 'चुकले तर किती वेळात, कोणत्या मार्गाने पूर्ववत कराल?' हाही आहे.

१९/२८
दोन किल्ल्या वेगळ्या करण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २०१८ चे. तोवर विकिपीडियाचा कोणताही प्रचालक संपूर्ण स्थळावर चालणारी जावास्क्रिप्ट बदलू शकत होता. ही आज्ञावली प्रत्येक वाचकाच्या संगणकात चालते. एका प्रचालकाचे परवलीचे शब्द चोरीस गेले, तर लाखो वाचक धोक्यात. त्या वर्षी हा अधिकार प्रचालकांकडून काढून घेऊन त्यासाठी वेगळे पद निर्माण झाले. भांडण मिटवण्याच्या किल्लीला यंत्राची किल्ली बांधलेली होती. ती गाठ सोडायला सतरा वर्षे लागली.

२०/२८
आणखी एक नियम लक्षणीय आहे. एकाच व्यक्तीची अनेक खाती ओळखण्यासाठी काही थोड्या सदस्यांना इतरांचे आयपी पत्ते पाहण्याचा अधिकार असतो. हा अधिकार कोणत्याही एका विकिपीडियावर एकट्याला मिळत नाही. किमान दोघे असावेत, म्हणजे एकमेकांवर नजर राहते. पतपेढीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्यामागचाच हा विचार. येथे दोघांपैकी कोणावर अविश्वास नसतो. दोघांनाही मोहापासून आणि संशयापासून वाचवायचे असते.

२१/२८
निवड फसली तर काय होते? क्रोएशियन विकिपीडियावर काही प्रचालकांच्या गटाने सुमारे दशकभर पकड बसवली. विरोध करणाऱ्यांची खाती गोठवली गेली आणि दुसऱ्या महायुद्धातील फॅसिस्ट राजवटीचा इतिहास सौम्य रंगांत रंगवला गेला. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा स्रोत वापरू नका, असे सांगितले. विकिमीडिया फाउंडेशनचा सविस्तर अहवाल आला तो २०२१ मध्ये. तोवर शाळेत गेलेली एक पिढी त्या पानांवर वाढली होती.

२२/२८
स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे उदाहरण याहून करुण. तेथील हजारो लेख एका अमेरिकी किशोराने लिहिले होते, तो प्रचालकही होता, आणि त्याला ती भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्यांत स्कॉट्ससारखे दिसणारे शब्द बसवून ते लेख तयार झाले होते. २०२० मध्ये हे उघडकीस आले. त्यात दुष्टपणा नव्हता. पोरवयात सुरू केलेले ते मनापासूनचे काम होते. दोष असलाच तर रिकाम्या चावडीचा. कौल मागितला, पण कौल द्यायला भाषा जाणणारे कोणी नव्हते.

२३/२८
मराठीसाठी ही दोन्ही उदाहरणे दूरची नाहीत. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक, पण ऑनलाइन समुदायांत सातत्याने राबणारे हात मोजके. मोजक्या हातांत किल्ल्या एकवटतात, कारण घ्यायला दुसरे कोणी पुढे येत नाही. आणि कोणी पुढे आलेच, तर कसोटी किती कठोर ठेवावी? इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये चारशेहून अधिक नवे प्रचालक झाले. २०१८ मध्ये अवघे १०. चौकशी इतकी जाचक झाली की शहाणी माणसे उमेदवारीच टाळू लागली. सैल निवड घातक, तशी छळवादी मुलाखतही घातक.

२४/२८
आता वर्ध्याचा दुसरा धागा. ऑक्टोबर १९४०. दुसरे महायुद्ध पेटलेले. सामुदायिक आंदोलन न करता निवडक व्यक्तींनी सत्याग्रह करावा, असे गांधींनी ठरवले. पहिला सत्याग्रही कोण? जवाहरलाल, वल्लभभाई यांसारखी देशाला ठाऊक असलेली नावे होती. निवड झाली पवनारच्या विनोबा भावे यांची. १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहाला आरंभ केला. दुसरे नाव नेहरूंचे होते.

२५/२८
गांधींनी विनोबांची ओळख करून देणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात वक्तृत्वाची वा लोकप्रियतेची मोजदाद नव्हती. वर्षानुवर्षांच्या कामाची होती: सूतकताई आणि तकलीवरील प्रभुत्व, संस्कृतचा व्यासंग, कुराण मुळातून वाचता यावे म्हणून केलेला अरबीचा अभ्यास, आश्रमातील हलकी मानलेली कामे. पुढे प्रांतांतून सत्याग्रहींच्या याद्या आल्या, त्याही छाननीला लागल्या. उत्साह पुरेसा नव्हता. नित्याचे आचरण पाहिले जाई. आणि सत्याग्रहीने कोठे, केव्हा सत्याग्रह करणार हे जिल्हाधिकाऱ्यास आधी कळवावे, अशी रीत होती. गुप्तता नाही.

२६/२८
या तुलनेला मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. १९४० मध्ये अंतिम शब्द एका माणसाचा होता. त्या निवडीवर कौल झाला नाही, आणि निवडणाऱ्याला प्रश्न विचारण्याची रीतही नव्हती. म्हणून वर्ध्याच्या त्या निवडीतून कसोटी घ्यावी: नित्याचे काम पाहावे, वादातले वर्तन पाहावे, सारे उघड असावे. रचना मात्र घेऊ नये. कसोटी १९४० ची, पण ती लावणारे हात चावडीचे, असा मेळ बसवणे हे खरे काम आहे. 

२७/२८
आणि एक प्रश्न राहतोच, तो किल्ली परत देण्याचा. जर्मन विकिपीडियाने २००९ मध्ये रीत घालून दिली: महिनाभरात २५ किंवा सहा महिन्यांत ५० पात्र सदस्यांनी मागणी केली, तर प्रचालकाला पुन्हा कौल घ्यावा लागतो. इंग्रजी आवृत्तीला अशी रीत स्वीकारायला २०२४ उजाडले. दीर्घकाळ फिरकलेच नाहीत, तर अधिकार काढून घेण्याचे नियमही आहेत. त्यात अपमान नाही. पटवारी बदलून गेला तर दप्तर गावातच राहते. गेलेल्याच्या घरी जात नाही.

२८/२८
सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच विश्वविद्यालयात पुन्हा परिषद भरली. पण २०१० चा प्रश्न ज्याचा त्याला सोडवायचा आहे: गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटापासून विश्वकोशापर्यंत. डेव्हलपरला विचारावे: प्रत कोठे जतन केली आहे, आणि तुमच्याखेरीज ती उघडता येणारा दुसरा कोण? प्रचालकाला विचारावे: तुमचे चुकले तेव्हा काय केले? दोघांनाही विचारावे: किल्ली परत कधी आणि कोणाकडे देणार? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याच्या हाती किल्ली द्यायला हरकत नाही.
#थ्रेड_समाप्त